रिकामी परत आलेली डबी

मित्रांनो, बाईमाणसाला आणि जुन्या वस्तूला वय विचारू नये म्हणतात. तरी तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगून टाकते. मला तीस वर्षं झाली. हातात धरून खेळायची व्हिडिओ गेम ती मी. अंग राखाडी, बटणं पिवळी, पडदा आगपेटीपेक्षा थोडा मोठा, आणि पाठीत दोन पेन्सिल सेलची जागा. बाजारात मला ब्रिक गेम म्हणायचे. नेवाशातल्या ज्या घरात मी राहते, तिथे मात्र पहिल्या दिवसापासून माझं नाव डबी. "गेमची डबी कुठंय?" "डबी ठेव आता खाली." मला ते नाव आवडतं. पण त्याच नावापायी एकदा असा घोळ झाला, की दोन शहाण्यासुरत्या बायका आठ महिने एकमेकींशी बोलल्या नाहीत. आज तेच सांगायला बसले आहे. नीट ऐका, मध्येमध्ये उठू नका.

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या देशातल्या कारखान्यात झाला म्हणतात. मला आठवत नाही. तुम्हाला तरी तुमचा कुठे आठवतो? माझी आठवण सुरू होते ती मोहिनीराजाच्या यात्रेत, पाळण्यांच्या शेजारच्या दुकानात. तिथून मला नववीतल्या गहिनीनाथने घरी आणलं. माझ्या छातीवर '९९९९ खेळ' असं छापलं आहे. मी खोटं बोलणार नाही, खेळ तेवीसच आहेत, आणि त्यातला माणसं मन लावून खेळतात तो एकच. वरून ठोकळे पडतात. ते फिरवायचे आणि खाली नीट बसवायचे. आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते. नाही भरली, तर ढीग चढत जातो आणि पडद्याच्या वरच्या कडेला लागला की डाव संपला. बस. एवढ्याशा गोष्टीवर मी तीस वर्षं काढली. आजकालच्या मोठमोठ्या यंत्रांना तीन वर्षं काढता येत नाहीत.

गहिनीनाथकडे मी फार दिवस राहिले नाही. त्याच्या आईने, बनुबाईंनी, मला त्याच्या वहीखालून उचललं.

"परीक्षा होईस्तोवर डबी माझ्यापाशी," त्या म्हणाल्या आणि मला हरभऱ्याच्या डाळीत पुरून ठेवलं.

बनुबाई त्या घरच्या कर्त्या. शाळा तिसरीपर्यंत, पण घरात शेवटचा शब्द त्यांचा, आणि बऱ्याचदा पहिलाही. शेतात कडब्याची गंजी लावायची असली की खालून पेंढ्या फेकायला चार गडी आणि वर रचायला एकट्या बनुबाई. त्यांनी रचलेली गंजी वादळातही हलत नाही, असं गावात बोललं जातं. निदान बनुबाई तरी तसं बोलतात.

तर तिसऱ्या दुपारी, घरात कोणी नसताना, बनुबाईंनी मला डाळीतून बाहेर काढलं. "बघू तरी काय हाय ह्यात," असं माझ्याकडे बघत म्हणाल्या आणि बटण दाबलं. रचण्याचा खेळ आहे हे त्यांना लगेच उमगलं. पण एक गोष्ट त्यांना मुळीच पटेना. चांगली भरलेली ओळ नाहीशी का होते? मग त्यांनी काय करावं? प्रत्येक ओळीत एक घर मुद्दाम रिकामं सोडलं. म्हणजे ओळ पुरी होत नाही आणि मोडतही नाही. सरळसोट, देखणी गंजी उभी राहायची आणि भराभर वरच्या कडेला लागायची. डाव संपल्यावर त्या अभिमानाने तिच्याकडे बघत बसायच्या. शाळेतून आलेल्या गहिनीनाथने हे पाहिलं.

"आई, ओळ भर की. एक घर सोडतीस कशाला?"

"भरली का मोडती ती. माझ्या हातानं रचल्यालं मी मोडू देती व्हय?"

"अगं, मोडल्यावरच मार्क मिळत्यात."

"मोडल्यावर मार्क? ह्येच शिकिवत्यात का तुमच्या शाळंत?"

आठ दिवस त्या आपल्याच पद्धतीने खेळल्या. नवव्या दिवशी चुकून एक लांब ठोकळा फटीत नेमका बसला, चार ओळी एकदम गेल्या आणि अर्धा पडदा मोकळा झाला.  बनुबाईंनी एक लांब श्वास सोडला. मित्रांनो, माझी सगळी जादू त्या एका श्वासात आहे. घरातली कामं कधी अशी बसत नाहीत. भांडी घासली की पुन्हा पडतात, केर काढला की पुन्हा येतो. माझ्याकडे मात्र जे नीट बसतं ते जागा मोकळी करून जातं. आणि डाव हरलात तरी कोणाला कळत नाही. पुन्हा पहिल्यापासून मांडायचा. लोक विचारतात, त्या जुन्या खेळण्यात एवढं काय आहे? हेच आहे. आणखी काही शोधू नका.

बनुबाईंनी ठोकळ्यांना नावंही दिली. लांब ठोकळा म्हणजे मुसळ. चौकोनी तो पाट. कोपऱ्यात वळलेलं ते खुरपं. आणि जो कुठेच धड बसत नाही तो वाकडतोंड्या. परीक्षा झाली, गहिनीनाथने मला परत मागितलं, आणि बनुबाई म्हणाल्या, "निकाल लागू दे." निकाल लागला, तरी मी काही त्यांच्या हातून सुटले नाही.

पुढे गहिनीनाथ मोठा झाला, त्याचं लग्न झालं, घरात मोबाईल आले. काही वर्षं मी फळीवर धूळ खात पडून होते. तक्रार करत नाही. बनुबाईंनाही तेव्हा नातवंडं सांभाळायची होती, खेळायला सवड कुठली? माझे दिवस पालटले ते शेजारी सुमेधाबाई राहायला आल्या तेव्हा. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. मुलगा अनीश नगरला कंपनीत, आणि या इथे एकट्या. दोन घरांच्या ओट्यांमध्ये गुडघ्याएवढी भिंत. पहिल्याच आठवड्यात त्या विरजण मागायला आल्या आणि फळी झाडायला खाली काढलेली मी बनुबाईंच्या शेजारी पालथी पडलेली त्यांना दिसले.

"अगं बाई, हे तर मी शाळेत मुलांच्या हातून हिसकावून घ्यायची," सुमेधाबाई म्हणाल्या.

"मी बी हिसकावूनच घेतलीया," बनुबाई म्हणाल्या. "बसा. खेळता का?"

तिथून दहा वर्षं, दुपारची जेवणं उरकली की त्या दोघी ओट्यावर आणि मी दोघींच्या मध्ये. एक डाव यांचा, एक डाव त्यांचा. सुमेधाबाईंनी चाळीस वर्षांत शेकडो मुलांना बेरजा शिकवल्या, पण माझ्यापुढे त्या अगदी कच्च्या. बनुबाईंना तर हसण्याची उकळीच फुटायची.

"मास्तरीनबाई, पाटाच्या जागी मुसळ कुठं घालताय?"

"घालू द्या हो. माझा डाव आहे."

"डाव तुमचा हाय, पर डोळं माझं दुखत्यात."

"मग मिटून घ्या."

अशा त्या. एकीने टोचायचं, दुसरीने परतवायचं. बनुबाईंशी असं बोलायची छाती गावात दुसऱ्या कोणाची नव्हती, आणि मला वाटतं, म्हणूनच बनुबाई दुपारची वाट बघायच्या.

आता एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. डब्यातून चटणी आली, तर त्याच डब्यातून लोणचं नाही तर निदान चार लिंबं जायची. रिकामा डबा परत करणं म्हणजे तुमचं आमचं संपलं, असं सांगणं. मी रात्री एकीकडे, दिवसा दुसरीकडे अशी फिरायला लागले, तेव्हा बनुबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं.

"मास्तरीनबाई, ही बी डबीच हाय. रिकामी परत करायची न्हाई."

सुमेधाबाई हसल्या, पण रीत पाळली. मी कापडी पिशवीतून जायची यायची आणि माझ्याबरोबर कधी कढीपत्ता असायचा, कधी पेरू, कधी सेलची नवी जोडी.

सेलचं आणखी एक सांगायचं राहिलं. माझी आठवण फार तोकडी आहे. सगळ्यात मोठा आकडा मी लक्षात ठेवते, पण सेल पाठीत आहेत तोवरच. सेल काढले की आकडा पुसला. दर खेपेला नवे सेल घातले की दोघी शून्यापासून सुरू करायच्या, त्यात कोणाला काही वाटायचं नाही. पण गेल्या वर्षी उन्हाळ्यात बनुबाईंनी एकसष्ट हजार चारशेचा डाव केला. इतका मोठा आकडा माझ्या पडद्यावर आयुष्यात कधी आला नव्हता. त्या दिवसापासून त्या आल्यागेल्याला मला दाखवायच्या. दूध घालणाऱ्या दिपालीला दाखवलं, पाहुण्यांना दाखवलं, मीटर बघायला आलेल्या माणसालाही दाखवलं. आणि सेल बदलायला साफ नकार.

सेल थकत गेले. माझा पडदा फिका पडला. आकडा बघायचा तर मला उन्हात तिरपं धरावं लागायचं.

"बनुबाई, बदला ते सेल," सुमेधाबाई म्हणायच्या. "आकडा वहीत लिहून ठेवू."

"वहीत कोनबी काहीबी लिहितंय. आकडा डबीत हाय तर हाय."

मित्रांनो, खरं सांगते, तेव्हा मलाही तो आकडा मिरवायला आवडत होता. मग पाऊसकाळ आला, आणि सेलना पाणी सुटायला लागलं.

आषाढात बनुबाई लेकीकडे, अश्विनीकडे, अकोले तालुक्यात भाताच्या लावणीसाठी गेल्या. तीन आठवडे मी सुमेधाबाईंकडे होते. एका सकाळी त्यांना माझ्या पाठीच्या झाकणाच्या कडेला पांढरं काहीतरी फुललेलं दिसलं, भिंतीला मीठ फुटावं तसं. त्यांनी ते बोटाने चाचपलं आणि बोट लगेच धुतलं. सेल आतून गळत होते. ते तसेच राहिले असते, तर माझ्या आतल्या पट्ट्या खाऊन टाकल्या असत्या, आणि मग मी कायमची मुकी.

मी सांगते, त्यांनी घाई केली नाही. आधी मला उन्हात तिरपं धरलं, चष्मा वर करून आकडा वाचला आणि कागदावर लिहून घेतला. मग सेल काढले. काडीला कापूस गुंडाळला, तो लिंबाच्या रसात बुडवला आणि ते मीठ कणाकणाने पुसलं. कोरड्या फडक्याने टिपलं. झाकण उघडं ठेवून मला दोन दिवस खिडकीत ठेवलं. माझी इतकी निगा जन्मात कोणी केली नव्हती. शेवटी त्यांनी एक चिठ्ठी लिहिली. अक्षर मोठं आणि सुटं काढलं, कारण बनुबाई एकेक अक्षर लावून वाचतात, हे त्यांना ठाऊक होतं. चिठ्ठीची घडी सेलच्या जागी ठेवली आणि झाकण लावलं. सेल घालायला झाकण तर उघडावंच लागणार, असा त्यांचा विचार. विचार बरोबर होता, पण तो शाळेतला विचार.

त्याच दुपारी नगरहून फोन आला. नात मनवा तापाने फणफणली होती, तिला दवाखान्यात ठेवलं होतं. सुमेधाबाईंनी दोन साड्या घेतल्या, मला पिशवीत टाकलं आणि पिशवी दिपालीच्या हातात दिली. "बनुबाई आल्या की द्या," एवढंच बोलून त्या एसटीला पळाल्या. घाईत पिशवीत लिंबू नाही, कढीपत्ता नाही, काही नाही.

चार दिवसांनी बनुबाई परतल्या. दिपालीने पिशवी दिली. बनुबाईंनी आत हात घातला, चाचपलं, मला बाहेर काढलं आणि तळहातावर तोललं. भाकरीचं पीठ हाताने तोलणारी बाई ती, दोन सेलचं वजन गेलेलं तिला कळणार नाही? बटण दाबलं. मी गप्प.

"रिकामी," बनुबाई म्हणाल्या.

बास, एवढा एकच शब्द. पिशवी रिकामी, डबीही रिकामी, आणि आकडा पुसलेला. आकड्यात आपल्याला हरवता येईना, म्हणून सुमेधाबाईंनी तो पुसून टाकला, असं त्यांच्या मनाने घेतलं. मी त्यांच्या हातात होते, चिठ्ठी माझ्या पोटात होती, दोन्हींच्या मध्ये एक नखाने उघडेल असं झाकण. पण रिकाम्या डब्याचं झाकण कोण उघडून बघतं? आणि मला तोंड नाही. माझ्या इतक्या वर्षांत मला तोंड नसल्याचं दुःख त्या दिवशी झालं तसं कधी झालं नाही.

मनवा बरी झाली आणि बारा दिवसांनी सुमेधाबाई आल्या. आल्या त्या थेट भिंतीपाशी.

"आलात का अकोल्याहून? झाली का लावणी?"

बनुबाई बाजरी पाखडत होत्या. त्यांनी सूप उचललं आणि आत गेल्या.

सुमेधाबाई भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, चिठ्ठी वाचली आहे, आणि आकडा गेला म्हणून राग आहे. इतकं निगुतीने केलं, त्याचं एक अक्षर नाही, आणि राग मात्र आहे. मग त्याही आत गेल्या. त्याही काही कमी मानी नाहीत.

त्यानंतर भिंत गुडघ्याएवढीच राहिली, पण ती कोणी ओलांडेना. दिवाळीला ताटं आली नाहीत, गेली नाहीत. संक्रांतीला बनुबाईंनी गल्लीभर तिळगूळ वाटला आणि नेमकं एक घर सोडलं. ओळीत एक घर मुद्दाम रिकामं सोडायची त्यांना जुनी सवय. मी फळीवर होते. दुपारी दोन्ही ओट्यांवर एकेक बाई बसायची. एकीकडे तोंड करून एक, दुसरीकडे करून दुसरी.

मग फाल्गुनात दिपालीने दूध मापता मापता बातमी दिली.

"मास्तरीणबाई चालल्या नगरला. रविवारी टेम्पो येणार सामान न्यायला. कायमच्या चालल्या म्हणं."

"जाऊ दे की," बनुबाई म्हणाल्या. "मला कशाला सांगती?"

"अनीशदादा कधीचा बोलवतोय. त्या म्हणल्या, इथं आता बोलायला कोन हाय."

बनुबाईंनी दुधाचं पातेलं घेतलं आणि झाकण न ठेवताच आत नेलं. मी फळीवरून बघत होते. रविवारपर्यंत पाच दिवस. पाच दिवसांत कोणी माझं झाकण उघडलं तर ठीक, नाहीतर ती बाई मनात तसाच सल घेऊन टेम्पोत बसणार, आणि ही बाई इथे आपला सल घेऊन भिंतीकडे पाठ करून बसणार, आणि दोघींपैकी कोणाचीच चूक नाही हे फक्त मला माहीत. मंगळवार गेला. गुरुवार गेला. कोणी फळीकडे बघितलं नाही.

शनिवारी दुपारी नगरच्या एसटीने ज्ञानेश्वरी आली. गहिनीनाथची मुलगी, कॉलेजात शिकते, वसतिगृहात राहते. आली तशी तिने पायातल्या चपला भिरकावल्या आणि विचारलं, "आज्जी, डबी कुठंय?"

"कशाला पायजे?"

"आमच्या रूमवर संस्कृती आहे ना, तिनं एक मशीन मागवलंय. एवढंसं. सगळे जुने गेम त्यात. तुझा ठोकळ्यांचा पण आहे. पोरी मोबाईल बाजूला टाकून नंबर लावतात त्याच्यासाठी. मी म्हटलं, माझ्या आज्जीनं एकसष्ट हजार केलेत. कोणी खरं मानेना. डबी दे, नेऊन दाखवते त्यांना."

"आकडा न्हाई आता त्यात."

"का?"

"पुसला."

"कोणी?"

बनुबाईंनी नुसतं फळीकडे बोट दाखवलं. ज्ञानेश्वरीने स्टुलावर चढून मला काढलं, ओढणीने धूळ पुसली आणि पिशवीतून नवे सेल काढले. ती शहाणी पोर येतानाच घेऊन आली होती. मग तिने नख घालून माझं झाकण उघडलं. मित्रांनो, आठ महिन्यांनी माझ्या पोटात वारा शिरला.

"आज्जी, आत कागद आहे."

"कसला कागद?"

"चिठ्ठी आहे. सुमेधाआजींची. वाचू?"

"दे हिकडं. मला येतंय वाचाया."

बनुबाईंनी चिठ्ठी लांब धरली आणि एकेक अक्षर जुळवत मोठ्याने वाचली. लिहिलं होतं ते असं: 'बनुबाई, सेलना पाणी सुटले होते म्हणून काढले. आतले मीठ लिंबाने पुसले. डबी बिघडलेली नाही. तुमचा आकडा गेला, पण मी आधी पाहून लिहिला. ६१,४००. मी साक्षीदार आहे. कोणी खोटे म्हटले तर माझ्याकडे पाठवा. तुम्हाला राग येईल. भांडायचे असेल तर मी आले की भांडू. सुमेधा.'

वाचून झाल्यावर त्यांनी एका ओळीवरून बोट फिरवलं.

"केवढाली अक्षरं काढलीत," त्या म्हणाल्या. "मला काय पहिलीतली समजती का ही बाई?"

"तुला वाचता यावं म्हणून असतील, आज्जी."

"व्हय. कळलं मला." मग आवाज खाली आला. "भांडू म्हनली हुती ती. आन् मी भांडलेच न्हाई."

ज्ञानेश्वरीने तेवढ्यात सेल घातले आणि बटण दाबलं. मित्रांनो, ती घटका मी विसरणार नाही. आठ महिने मी कोरडी पडले होते, आत काही चालतंय की नाही ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. पण पट्ट्या लख्ख होत्या. मी अशी खणखणीत वाजले, की भिंतीपलीकडे ऐकू गेलं असावं. पडद्यावर आकडा शून्य.

बनुबाईंनी पदर खोचला, मला उचललं आणि बाहेर पडल्या. दरवाजातून नाही गेल्या. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी भिंत ओलांडून गेल्या.

सुमेधाबाईंच्या घरात खोकी भरलेली होती. त्या पितळी डबे वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. बनुबाईंना दारात पाहून त्यांचा हात तसाच राहिला.

"भांडाया आलीया," बनुबाई म्हणाल्या.

सुमेधाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हातातला डबा खाली ठेवला. "आठ महिने उशीर झाला."

"एष्टी लेट हुती."

"चिठ्ठी कधी वाचली?"

"आत्ता."

"आत्ता?" सुमेधाबाई खोक्यावर बसल्याच. "म्हणजे इतके दिवस तुम्ही झाकणच उघडलं नाही?"

"रिकामी डबी आली. तीबी रिकाम्या पिशवीत. झाकन कशाला उघडू?"

"मनवाला दवाखान्यात नेलं होतं हो. पिशवीत काही टाकायचं सुचलंच नाही."

"आन् मला कसं कळावं? कोन सांगनार? आता पोरगी बरी हाय का?"

"बरी आहे. आता दहा भाकऱ्या खाल्ल्यासारखा दंगा करते."

"मग बरंय." बनुबाई दुसऱ्या खोक्यावर टेकल्या.  मग सुमेधाबाईच हसायला लागल्या, आधी हळू, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आणि मी म्हणत होते, एवढ्याशा आकड्यासाठी या बाईने मला तिळगूळ दिला नाही."

"एवढासा न्हाई. एकसष्ट हजार चारशे. तुमीच लिवलंय."

"लिहिलंय ना. साक्षीदार आहे मी."

"साक्षीदार नगरला जाऊन बसल्यावर मी कुनाला दाखवू?" बनुबाई म्हणाल्या. माफी अशी त्यांना मागता येत नाही. त्यांना एवढंच येतं, आणि सुमेधाबाईंना ते ओळखता येतं. "डबी चालू झालीया. आकडा शून्य हाय. पैला डाव तुमचा."

सुमेधाबाईंनी मला हातात घेतलं. पहिला ठोकळा वाकडतोंड्या आला आणि त्यांनी तो नेहमीसारखा चुकीच्या जागी घातला. बनुबाईंनी जीभ दातांखाली धरली. आठ महिन्यांनंतर पहिल्या डावाला तरी बोलायचं नाही, असं ठरवलं असणार. पाचव्या ठोकळ्यापर्यंत त्यांना ते जमलं.

डाव संपल्यावर सुमेधाबाईंनी फोन काढला.

"अनीश, उद्याच्या टेम्पोला नको म्हण. नाही रे, तब्येत चांगली आहे. येईन की राहायला, दिवाळीत येईन. कायमचं नंतर बघू. कारण? कारण काय, मी हरतेय सध्या."

बनुबाईंनी तोवर एक खोकं उघडून पितळी डबे पुन्हा फळीवर मांडायला घेतले होते. "ह्यो वर का खाली?" असं विचारत होत्या आणि उत्तर यायच्या आत स्वतःच ठरवून लावत होत्या.

मला त्या दिवशी किती हायसं वाटलं, ते शब्दांत सांगता येत नाही. मी एक प्लास्टिकची वस्तू. पण आठ महिने पोटात एक गोष्ट धरून होते, ती योग्य माणसाच्या हाती पोचली. ज्ञानेश्वरी मला नगरला नेणार होती, ते राहिलं. चिठ्ठीचा फोटो मात्र तिने नेला, आणि साक्षीदाराचा फोन नंबरही. वसतिगृहातल्या पोरींनी दोनदा फोन करून खात्री केली म्हणतात.

तर मित्रांनो, आता माझं मागणं ऐका. तुमच्या घरात माझ्यासारखी कोणी असेल, तर वापरायची नसेल तेव्हा तिच्या पाठीतले सेल काढून ठेवा. आकडे पुन्हा करता येतात, खाल्लेली पट्टी पुन्हा येत नाही. पाणी सुटलं तर लिंबाने पुसा, आणि पुसल्यावर तिला वाळू द्या. ओल्या अंगावर नवे सेल घालाल तर तुमच्यासारखे मूर्ख तुम्हीच. आणि कोणी काही रिकामं परत केलं असं वाटलं, तर रागावण्याआधी झाकण उघडून बघा. उघडूनही रिकामंच निघालं, तर खुशाल रागवा, पण तोंड उघडून रागवा. भांडणारी माणसं उद्या पुन्हा येतात. गप्प बसणाऱ्यांच्या दारात टेम्पो येतो.

बास झालं. सुमेधाबाईंचा ढीग वरच्या कडेला लागत आला आहे, आणि बनुबाईंनी हात पुढे केला आहे. मला जायला हवं.